तोलून बांधलेला मांडव



व्यापाऱ्याच्या घरात वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. जुन्या तागडीची साखळी, रिकामे बारदान, तेलाचे पत्र्याचे डबे, माल आलेल्या खोक्यांच्या फळ्या, मोडक्या सायकलीचे चाक हे सारे माळ्यावर चढते आणि तिथेच राहते. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, 'राहू दे, लागेल कधीतरी.' हे 'कधीतरी' बहुधा उजाडत नाही. या महिन्यात अशाच साठलेल्या सामानातून वेलभाज्यांसाठी मांडव कसा उभारावा, याविषयी लिहिणार आहे. आमच्या घरी हे काम एकदा फसले आणि मग जमले. फसल्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे, कारण जे काही शिकलो ते तिथेच शिकलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमचे किराणा-भुसाराचे दुकानही पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर शटर वर केले, तेव्हा गूळ विरघळून गेला होता, डाळींना मोड येऊन त्या कुजल्या होत्या आणि रोजमेळाच्या वह्यांचा लगदा झाला होता. माल फेकून देण्यात आठ दिवस गेले. उरले ते लोखंडी रॅक. छिद्रांच्या अँगलचे, नट-बोल्टने जोडलेले हे रॅक आण्णांनी पस्तीस वर्षांपूर्वी दुकान मोठे केले तेव्हा घेतले होते. त्यांवरच्या प्लायवुडच्या फळ्या फुगून सुटल्या होत्या आणि अँगलना तांबेरा चढला होता. भंगारवाल्याने किलोला बावीस रुपये भाव सांगितला. आण्णा एवढेच म्हणाले, "रॅक विकायचे नाहीत."

ते अँगल घराच्या गच्चीवर येऊन पडले. पुढे दुकान पुन्हा सुरू झाले, नवे रॅक आले. परंतु आण्णा गादीवर बसायला आले नाहीत. ते घरीच असत, थोडे बोलत आणि गच्चीवरच्या त्या ढिगाकडे फिरकतही नसत.

पुढच्या वर्षी, २०२० च्या उन्हाळ्यात, घराबाहेर पडणे बंद झाले. भाजी मिळण्याची वेळ आणि जागा दोन्ही मर्यादित झाली. आपल्या स्वयंपाकघरात कांदा, बटाटा, गाजर, मुळा नाही. त्यामुळे दुधी, दोडका, कारले, पडवळ, तोंडली, घेवडा यांच्यावरच रोजचा स्वयंपाक अवलंबून असतो. आईने जून दुधीचे बी जपून ठेवले होते. गच्चीवर वेल लावावेत असे ठरले. चार जुन्या टाक्यांत माती भरली, बी टोकले आणि एका दुपारी मी मांडव उभा केला.

तो मांडव मी जे फुकट आणि हाताशी होते त्याचा केला. रंगकामाच्या वेळचे जुने बांबू, नळकामातून उरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, पोत्यांची सुतळी आणि खोक्यांना बांधून येणारी प्लास्टिकची पट्टी. आण्णांचे अँगल जड होते, गंजके होते आणि त्यांना हात लावण्याचे धैर्यही मला नव्हते. मे महिन्यात मांडव हिरवा झाला. घरचे सगळे संध्याकाळी त्याखाली बसू लागलो. जूनमध्ये दुधी लोंबू लागले, आणि मृगाच्या पहिल्या आठवड्यात वाऱ्या-पावसाच्या एका सरीत सारा मांडव एका अंगाला झोपला. बांबूचे टोक पाण्याच्या टाकीच्या नळावर आदळून नळ फुटला. आई वाळवणाची चादर गोळा करून त्याच मांडवाखालून पाच मिनिटांपूर्वी जिना उतरली होती.

सकाळी मी तो ढीग कापून पोत्यात भरू लागलो, तेव्हा आण्णा गच्चीवर आले. कितीतरी महिन्यांनी ते तिथे उभे होते. त्यांनी ढिगाकडे पाहिले आणि म्हणाले, "टाकण्याआधी काटा आण. तोलल्याशिवाय माल उचलतोस का कधी?"

काटा वर आणला. ओले वेल आणि पाने ३८ किलो भरली. लहानमोठी फळे साडेचौदा किलो. म्हणजे साडेबावन्न किलो भार मी सुतळीवर आणि कुजत आलेल्या बांबूवर टांगला होता, आणि त्याचा अंदाजही घेतला नव्हता. दुकानात फळीवर गुळाची ढेप ठेवताना फळी सोसेल का, हे आम्ही पाहतो. इथे पाहिले नाही, कारण सामान फुकटचे होते. फुकट मिळालेल्या वस्तूला आपण तपासत नाही. मांडव पडला तो वाऱ्याने नव्हे, या सवयीने.

दुसरा मांडव आण्णांनी सांगितला आणि मी बांधला. तो आजही उभा आहे. त्याची रीत क्रमाने देतो.

पहिली गोष्ट भाराची. वेलांचे वजन पावसात भिजल्यावर धरावे, कोरडे नव्हे. त्यावर वाऱ्याचा जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो, आणि पानांनी भरलेली उभी ताटी शिडासारखी वारा अडवते. आण्णांनी हिशेब सोपा केला, "जे भरले त्याच्या तिप्पट धर." साडेबावन्नचे तिप्पट म्हणजे सुमारे १५८ किलो. बी टोकण्याआधी आम्ही तीन पोत्यांत प्रत्येकी पन्नास किलोंहून थोडी अधिक वाळू भरून ती नव्या मांडवाला रात्रभर टांगली. सकाळी एक जोड वाकलेला दिसला. तिथे दुसरा अँगल जोडला आणि पुन्हा टांगून पाहिले. ज्यांच्या घरी पोती आहेत त्यांनी ही परीक्षा अवश्य घ्यावी. मात्र पोती टांगलेली असताना कोणी मांडवाखाली जाऊ नये.

दुसरी गोष्ट आकाराची. आमचा पहिला मांडव मोडला कमी, झोपला जास्त. चार खांब आणि वर चौकट असा चौकोन कितीही जाड सामानाचा केला तरी बाजूने ढकलल्यास तिरका होतो. त्रिकोण तसा होत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात खांब आणि आडवा अँगल यांना जोडणारा दीड-दोन फुटांचा तिरका तुकडा हवाच. रॅकचे आखूड तुकडे याच कामी आले. लांबी वाढवण्यासाठी दोन अँगल जोडताना ते किमान एक फूट एकमेकांवर चढवावेत आणि तीन बोल्ट मारावेत. एकाच बोल्टवरचा जोड बिजागरीसारखा फिरतो. गंज आलेले बोल्ट परत वापरू नयेत. ती बचत करण्याची जागा नव्हे.

तिसरी गोष्ट पायाची. मांडव रोवण्यासाठी गच्चीला भोके पाडू नयेत. पावसाचे पाणी तिथूनच खाली उतरते. आम्ही तेलाचे पंधरा किलोचे सहा रिकामे डबे घेतले, प्रत्येकात एक खांब उभा धरून काँक्रीट भरले आणि सात दिवस पाणी मारले. असा एक डबा सुमारे ४० किलोंचा होतो. हे ओझेही गच्चीवरच येते, हे विसरू नये. मातीचेही तसेच आहे. पन्नास लिटरची टाकी ओल्या मातीने भरली की पाऊणशे किलोंच्या पुढे जाते. म्हणून टाक्या आणि डबे स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल त्या कडेला ठेवावेत. इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराला दाखवावे. गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी मांडवाचा विचारच सोडावा.

चौथी गोष्ट वेलांच्या स्वभावाची. सगळे वेल एकाच रीतीने चढत नाहीत. दुधी, दोडका, कारले, काकडी, पडवळ, तोंडली यांना तणावे असतात. तणावा बारीक आधाराला वेढा घालतो. जाड नळी किंवा रुंद फळी त्याला धरता येत नाही. माझ्या पहिल्या मांडवावरील वेल नळ्यांवरून घसरत होते, ते यामुळेच. आधार पेन्सिलीएवढा किंवा त्याहून बारीक असावा. धरल्यावर तणावा स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि त्याची स्प्रिंग बनते. तिच्या मध्यावर वळणाची दिशा उलटलेली असते; वेलावर जाऊन पाहिल्यास कोणालाही दिसेल. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ही स्प्रिंग वाऱ्यात ताणली जाते आणि परत येते, म्हणून तणावा तुटत नाही, हे त्याने त्यात दाखवले आहे.

घेवड्याला मात्र तणावे नसतात. त्याचे खोडच आधाराभोवती फिरत वर जाते. वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. आपण हौसेने त्याला दुसऱ्या दिशेने गुंडाळले, तर तो सुटून पुन्हा आपल्या वळणावर येतो. अशा वेलांना आडवी जाळी निरुपयोगी आहे. त्यांना उभी दोरी किंवा काठी हवी. मायाळूही असाच खोडाने फिरत चढतो.

यावरून कोणासाठी काय बांधावे हे ठरते. दुधी, दोडका आणि पडवळ यांना आडवा मांडव चांगला, कारण फळ लोंबून सरळ वाढते आणि मातीला टेकून कुजत नाही. पडवळाच्या शेंड्याला शेतकरी लहानसा दगड बांधतात, तोही ते सरळ वाढावे म्हणून. मांडव साडेसहा फूट उंच असावा. त्याहून खाली असेल तर फळे डोक्याला लागतात, फार वर असेल तर तोडताना स्टुलावर चढावे लागते. काकडी, कारले यांना कलती ताटी पुरते. घेवड्याला उभ्या दोऱ्या.

आता सामानाविषयी. माळ्यावरचे काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याची आमच्या अनुभवातून झालेली यादी अशी.

लोखंडी खाटेची चौकट ही तयार ताटीच आहे. नवार काढून टाकावी, चौकटीत तारा ताणाव्यात आणि भिंतीला कलती उभी करून वरून दोन ठिकाणी बांधावी. सायकलीची रिम आरे काढून एका खांबाच्या टोकाला आडवी बसवली आणि आऱ्यांच्या भोकांतून दोऱ्या खाली टाकीच्या कडेला बांधल्या, की घेवड्यासाठी छत्रीसारखा आधार होतो. खोक्यांच्या फळ्या एक-दोन मोसम टिकतात. त्या हलक्या वेलांना वापराव्यात आणि मातीत रोवू नयेत, कारण मातीलगत त्या प्रथम कुजतात. बांबू घ्यायचा तर तो आधी टिचकी मारून ऐकावा. पोकळ, फुटका आवाज आला किंवा भोकांतून पिवळी भुकटी गळली, तर तो आतून पोखरलेला आहे.

मुख्य आधारासाठी गंज न धरणारी जस्तलेपाची तार दीड-दीड फुटावर ताणावी. तिच्यामध्ये काथ्याची दोरी विणावी. काथ्या पाण्यात सुतळीपेक्षा बराच टिकतो आणि खरबरीत असल्याने वेलाला धरायला सोपा जातो. सुतळी पावसाळ्याच्या अखेरीस कुजते. म्हणून तिच्यावर भार टाकू नये. पण लहान वेलांना वर नेण्यासाठी ती उत्तम, कारण मोसम संपल्यावर वेलासकट तिचेही खत होते. खोक्यांची प्लास्टिक पट्टी उन्हाने ठिसूळ होते आणि तिच्या धारदार कडेने खोड कापले जाते, ती नको. खोड बांधण्यासाठी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घ्याव्यात आणि आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारावी, म्हणजे खोड जाड झाले तरी आवळले जात नाही.

कीटकनाशकाचे किंवा रसायनांचे डबे, पिंप आणि पोती कितीही धुतली तरी भाजीजवळ आणू नयेत. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते; ती लाकडे घासू नयेत आणि मांडवालाही घेऊ नयेत. सिमेंटचे जुने पत्रे कापू नयेत, त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते.

बारीक विणीच्या नायलॉन जाळीविषयी स्वतंत्र सांगणे आवश्यक आहे. ती स्वस्त असते आणि काम झटपट होते, म्हणून मीही एका कडेला लावली होती. चौथ्या दिवशी सकाळी तिच्यात एक बुलबुल अडकलेला सापडला. पंख आणि पाय धाग्यात गुरफटले होते आणि सुटण्याच्या धडपडीत ते अधिक आवळत होते. आईने त्याच्यावर ओला पंचा टाकून त्याला शांत केले आणि मी कात्रीने एकेक धागा कापला. तो उडाला. त्याच दिवशी ती सारी जाळी उतरवली. अशा जाळीत खारी आणि सापही अडकतात. जाळी लागलीच तर काथ्याची, वीतभर चौकटीची, हाताने विणावी. अर्धा दिवस जास्त जातो, पण कोणाचा जीव जात नाही.

हाच प्रश्न कारल्याच्या बाबतीत आला. फळमाशी कोवळ्या कारल्यात अंडी घालते आणि फळ आतून किडते. फवारणी आम्हाला करायची नव्हती. फूल गळून फळ बोटभर झाले की त्यावर कागदी पिशवी चढवावी, म्हणजे माशी फळापर्यंत पोहोचत नाही, असे वाचले होते. कागदी पिशवी कुठून आणावी, याचा मी विचार करीत होतो. आण्णांनी रद्दीतून एक वर्तमानपत्र ओढले, गुडघ्यावर ठेवले आणि काही क्षणांत एक पुडी वळून माझ्यापुढे धरली. प्लास्टिकच्या पिशव्या येण्याआधी त्यांनी दुकानात अशा किती पुड्या वळल्या असतील त्याची गणती नाही. त्या दुपारी त्यांनी चाळीस वळल्या. पावसाळ्यात वर्तमानपत्र भिजून फाटते, तेव्हा जाड खाकी कागद घ्यावा लागतो. तोही त्यांनीच दुकानातून मागवला. त्यासाठी पुराच्या नंतर पहिल्यांदा त्यांनी दुकानात फोन केला.

जमाखर्चही सांगतो, कारण आपल्या वाचकांना तो विचारल्यावाचून राहवणार नाही. सिमेंट-वाळू-खडी ४२० रुपये, तार ३८०, तारेचा ब्रश, रेडऑक्साइड आणि रंग ४६०, नवे नट-बोल्ट १९०, काथ्या १५०. एकूण १,६०० रुपये. मी इथेच थांबलो होतो. आण्णांनी खाली आणखी एक ओळ लिहायला लावली: ६२ किलो अँगल, बावीस रुपये दराने, १,३६४ रुपये. "विकले असते तर एवढे आले असते. तेही मांडवात गुंतवलेच ना?" त्यांचे म्हणणे खरे होते. एकूण २,९६४ रुपये. टाकाऊ वस्तूलाही किंमत असते, आणि ती खात्यात धरली म्हणजे वस्तू जपून वापरली जाते. अँगल आधी ब्रशने घासून, रेडऑक्साइडचा हात देऊन मगच जोडले. दरवर्षी वैशाखात जोड तपासतो आणि जिथे रंग सुटला असेल तिथे पुन्हा लावतो.

पहिल्या मोसमात त्या मांडवावर अठरा दुधी आले. दोडकी आणि कारली वेगळी. आण्णा तोडलेली प्रत्येक भाजी तोलून एका वहीत मांडतात. अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवी भाजी होत नाही. त्या दिवशीची तोडणी शेजारी जाते आणि वहीत 'नावे' न लिहिता नुसती वजनासह नोंदली जाते. बाजारभावाने हिशेब केला तर मांडवाचे पैसे फिटायला दोन मोसम लागले. त्याला मोठा नफा म्हणता येणार नाही.

ज्यांना यंदा मांडव करायचा आहे त्यांनी बी टोकण्याआधी तो उभा करावा. वेल वाढल्यावर घाईने बांधलेला आधार हमखास कच्चा राहतो. पावसाळी लागवड जून-जुलैत आणि उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्याआधीचे पंधरा दिवस माळ्यासाठी राखून ठेवावेत. एकेक वस्तू खाली उतरवावी, हातात घेऊन वाकवून पाहावी आणि ती किती ओझे सोसेल हे ठरवावे. जी सोसणार नाही ती भंगारात द्यावी. 'लागेल कधीतरी' म्हणून परत वर चढवू नये.

आमच्या मांडवाच्या एका खांबावर, अँगलच्या आतल्या बाजूला, पुराच्या पाण्याने उमटवलेली गाळाची रेघ होती. रंग देताना मी ती घासू लागलो, तेव्हा आण्णांनी हात धरला नाही आणि थांबही म्हटले नाही. मीच विचारले, "ठेवू का?" ते म्हणाले, "घास. गंज तिथूनच धरेल."

पुढील अंकी मोसम संपल्यावर वेलांचे, सुतळीचे आणि पाल्याचे खत गच्चीवर वास न येता कसे करावे, ते पाहू.